पोर दिल्लीले जाई का?

आमच्या कोरीटच्या जुन्या माणसांकडे निवडणुकांचा हिशेब सालांचा नव्हता, चिन्हांचा होता. आजी सांगायची, बैलजोडीवर शिक्का मारला तेव्हा थोरले काका कडेवर होते. गाय-वासराच्या वेळी विहिरीला मोटर बसली. हात आला तेव्हा आत्याचं लग्न ठरलं होतं. काँग्रेसची चिन्हं बदलत गेली, आजीचं मत जागचं हललं नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी अंघोळ, नवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि मग शाळेच्या वाटेनं बायकांचा घोळका. "मत दिन्हं ते दिन्हं," एवढंच ती परत आल्यावर म्हणायची. कुणाला दिलं, हे विचारायची गरज नव्हती.

गाव नंदुरबारला इतकं लागून की शहरात कोरीट नाका म्हणून ठिकाणच आहे. सभा, मोर्चा, मतमोजणी, जे काही शहरात होई त्याचा आवाज संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर पोचे. इंदिरा गांधींच्या सभेला आजी बैलगाडीनं गेली होती. भाषणातलं तिला काहीच सांगता येत नसे. आठवत होता तो डोक्यावरचा पदर. "बाई शे, आनि समदा पुढारी तिना मांगे उभा," हे वाक्य तिनं आम्हा नातवंडांना किती वेळा ऐकवलं असेल! पुढे ते मला एका वेगळ्या कारणानं आठवायचं होतं.

नंदुरबार लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. महाराष्ट्राच्या यादीत त्याचा क्रमांक पहिला. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर हे आपले चार आणि धुळे जिल्ह्यातले साक्री, शिरपूर असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात, आणि सहाही राखीव आहेत. नर्मदेकाठच्या पाड्यांपासून तापीकाठच्या केळीच्या बागांपर्यंत पसरलेला हा मुलूख. १९६७ आणि १९७१ ला तुकाराम गावित निवडून आले, १९७७ आणि १९८० ला सुरूपसिंग नाईक. १९७७ साली उत्तरेत खुद्द इंदिराबाई पडल्या, पण नंदुरबारनं काँग्रेसलाच कौल दिला. सुरूपसिंग राज्याच्या राजकारणात परतल्यावर १९८१ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि माणिकराव गावित लोकसभेत गेले. तिथून ते सलग नऊ वेळा निवडून आले. २००४ मध्ये केंद्रात गृह राज्यमंत्री झाले. २००९ मध्ये नव्या लोकसभेचे हंगामी अध्यक्ष म्हणून अख्ख्या सभागृहाला शपथ देण्याचा मान त्यांना मिळाला. नवापूरकडचा आदिवासी माणूस त्या उंच खुर्चीवर बसलेला टीव्हीवर दिसला, तेव्हा आमचे आप्पा, म्हणजे आजोबा, टीव्हीसमोर उठून उभे राहिले होते.

ही निष्ठा भोळेपणाची होती असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. तिला मुळं होती. आप्पा तिच्यामागची गोष्ट सांगत ती जमिनीची. शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यात भिलांच्या जमिनी सावकारीत आणि गहाणखतांत हातच्या गेल्या होत्या. ज्याची जमीन तोच त्या शेतावर सालदार, असा प्रकार. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराज उभे राहिले, शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, मजुरीसाठी आणि जमिनीसाठी मोर्चे निघाले. १९७४ मध्ये आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा राज्यात झाला. लढले पाड्यावरचे लोक, कागद निघाला सरकारचा, आणि लोकांच्या मनात त्या कागदावर चेहरा राहिला इंदिराबाईंचा. आप्पांना हे अन्यायाचं वाटे. "अंबरसिंगनं नाव कोनी लेत नही," असं ते म्हणत आणि मत मात्र हातालाच देत.

माझ्या वडिलांनी १९८० ला पहिल्यांदा मत दिलं. तेव्हा मतदानाला एकविसावं वर्ष पुरं लागत असे. त्यांच्या पहिल्या पोटनिवडणुकीत माणिकराव उभे होते. मी पहिल्यांदा मत द्यायला गेले, तेव्हाही उमेदवार माणिकरावच. बाप-लेकीनं आपल्या तरुणपणी एकाच माणसाला मत द्यावं, यात तक्रार करण्यासारखं आम्हाला काही वाटत नव्हतं. खासदार म्हणजे दिल्लीतला माणूस. त्याच्याकडे काही मागायचं असतं, त्याला काही विचारायचं असतं, हे आजीच्या गावीही नव्हतं.

आणि मग २०१४ आलं.

डॉ. हिना गावित यांचा जन्म २८ जून १९८७ चा. एमबीबीएस झालेल्या, मुंबईत पुढचं वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या. वडील डॉ. विजयकुमार गावित १९९५ मध्ये नंदुरबारमधून अपक्ष आमदार झाले आणि पुढे राष्ट्रवादीत राहून अनेक वर्षं राज्यात मंत्री होते. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या वाटपात नंदुरबारची लोकसभा काँग्रेसकडे. माणिकराव असेपर्यंत ती सुटणार नव्हती. २००९ मध्ये हिना यांचे काका शरद गावित समाजवादी पक्षाकडून उभे राहिले आणि माणिकरावांचं मताधिक्य ४० हजारांच्या आसपास आणून ठेवलं, तेव्हाच या किल्ल्याला चीर गेली होती. पाच वर्षांनी पुतणी भाजपकडून उभी राहिली आणि मुलीच्या पक्षबदलापायी वडिलांना मंत्रिपद सोडावं लागलं.

एप्रिलचा महिना, मिरचीचा हंगाम सरत आला होता. नंदुरबार हे मिरचीचं मोठं केंद्र. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची अंथरलेली असते. नाका-तोंडाला फडकं बांधून बायका देठ खुडत बसतात. बोटं आधी चुरचुरतात, मग बधिर होतात. घरी गेल्यावर लेकराला जवळ घ्यायची सोय नसते, डोळ्याला हात लागला की लेकरू रडून आकांत करतं. आमच्या गल्लीतल्या चार-पाच जणी त्या कामाला जात. त्या वर्षी त्यांच्यात उमेदवाराची चर्चा निघे ती अशी: पोर डॉक्टर आहे, लग्न झालेलं नाही, एवढ्या गर्दीत एकटी भाषण करते. पक्ष कोणता, लाट कोणाची, हे पुरुषांचं बोलणं. ओट्यावर आजीनं एकदा थेट विचारलं, "हाई पोर दिल्लीले जाई का?" त्या प्रश्नात शंका होती, थोडी धास्तीही होती, आणि इंदिराबाईंच्या सभेहून आणलेलं काहीतरी होतं.

आप्पांना अडचण वेगळीच होती. सव्वीस हे काय खासदाराचं वय? वडिलांनी त्यांना समजावलं की घटनेत लोकसभेसाठी पंचविसावं पूर्ण झालेलं असलं की पुरे. आप्पा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, शिरीषकुमार पंधराचा होता. हे ऐकून कुणी काही बोललं नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता आपल्या जोडीदारांसह पडला, तेव्हा आप्पा दहा वर्षांचे होते. त्यांचे वडील त्या दिवशी माल घेऊन शहरात गेले होते. बाजार बंद झाला, गाडी तशीच भरलेली परत आली आणि घरात त्या रात्री चूल पेटली नाही, एवढं आप्पांनी पाहिलेलं. पोरसवदा माणसानं पुढे होण्याची सवय या गावांना जुनी आहे, हे त्यांनी स्वतःच्याच तोंडून सांगून टाकलं आणि वयाचा मुद्दा तिथंच मिटला.

मतदान २४ एप्रिलला झालं. १६ मे रोजी निकाल लागला. हिना गावित यांनी माणिकरावांना सुमारे १ लाख ७ हजार मतांनी हरवलं. राज्यात काँग्रेसकडे नांदेड आणि हिंगोली या दोनच जागा उरल्या होत्या. तेव्हा हा एकट्या नंदुरबारचा चमत्कार नव्हता, मोदींची लाट होतीच. तरी हाताच्या चिन्हाबाहेरचा खासदार आमच्या वडिलांच्या पिढीनं पहिल्यांदा पाहिला, आणि नंदुरबारमधून बाई तर कुणीच पाहिली नव्हती. त्या सोळाव्या लोकसभेतल्या सर्वांत तरुण खासदारांत त्या होत्या. शेजारच्या रावेरमधून त्याच दिवशी निवडून आलेल्या रक्षा खडसे हिनांपेक्षा जेमतेम दीड महिन्यानं मोठ्या. पंचविशी ओलांडलेल्या दोन मुली एकाच वेळी खानदेशातून दिल्लीला गेल्या, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी जेवढी उचलून धरायला हवी होती तेवढी धरली नाही, असं मला अजून वाटतं.

आजीनं त्या वर्षी कुठं मत दिलं? तिनं सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते विचारण्यासारखं झालं होतं आणि पहिल्यांदाच ती हसून गप्प राहिली. माझ्या लेखी त्या निवडणुकीतली सर्वांत मोठी घटना ती.

निवडून आल्यावर लोकांच्या अपेक्षा उधाणल्या. पाड्यावर वीज नाही, सांगा खासदाराला. घरकुलाचा हप्ता अडला, सांगा खासदाराला. खासदाराच्या हातात नेमकं काय असतं, ते गावात कुणी कधी समजावून दिलेलं नसतं. वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. खासदार कामाची शिफारस करतो, मंजुरी आणि खर्च जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतो. सहा विधानसभा मतदारसंघांच्या टापूत तो निधी वाटला की गावाच्या वाट्याला एखादा सभामंडप, एखादी कूपनलिका. करोनाच्या काळात तर तो निधीही थांबवला गेला. बाकीचं काम सभागृहातलं: प्रश्न विचारायचे, शून्य प्रहरात विषय काढायचा, समितीत बसून कागद वाचायचे. हे काम गावात दिसत नाही. हिना गावित २०१९ नंतर संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीच्या अध्यक्ष झाल्या, २०२२ मध्ये संसदरत्न पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. आमच्या गल्लीत त्या पुरस्काराची बातमी एका शिक्षकानं वाचून दाखवली, तेव्हा पथारीवर जाणाऱ्या एका काकूंनी विचारलं, "मंग मिरचीना भाव वाढी का?" प्रश्न रास्त होता. संसदेतला प्रश्न आणि पथारीवरची मजुरी यांच्यात जी वाट असते ती फार लांबची, आणि ती लोकांना दाखवणं हेही लोकप्रतिनिधीचं काम आहे. तरुण खासदारांनी ते अधिक करायला हवं, कारण त्यांच्याकडे वेळ आहे आणि भाषा आहे.

काही गोष्टी डोळ्यांना दिसल्या. उधना ते जळगाव लोहमार्गाचं दुहेरीकरण २०१८ मध्ये पूर्ण झालं. जुन्या ताप्ती व्हॅली रेल्वेवर क्रॉसिंगसाठी गाडी तासन्‌तास उभी राहिल्याच्या गोष्टी आप्पांकडे भरपूर होत्या. नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झालं. त्याचं श्रेय कोणाचं यावर ओट्यावर भांडणं होतात, अनेक सरकारांचे हात त्याला लागले आहेत. मला त्यात रस नाही. माझ्या डोळ्यांपुढे धडगाव-अक्कलकुव्याचे डोंगर येतात. बाळंतपणाला निघालेल्या बाईला झोळीत घालून खाली उतरवावं लागतं. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांवर दवाखाना बोटीनं जातो. त्या डोंगरातली मुलगी उद्या या महाविद्यालयात शिकली, तर झोळीची वाट काही मैलांनी तरी कमी होईल.

५ ऑगस्ट २०१८ ला धुळ्यात मराठा आरक्षणाच्या आंदोलकांनी हिना गावित यांची गाडी अडवली, लोक गाडीवर चढले, काचा फोडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो प्रसंग लोकसभेत मांडला. टीव्हीवर तो पाहताना आजी चिडली होती. पक्षाशी, आरक्षणाशी तिचा संबंध नव्हता. पोरीच्या गाडीवर बापे चढले, एवढंच तिला दिसलं. त्या एका दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका एका पक्षाच्या होत्या.

२०१९ ला समोर होते काँग्रेसचे के. सी. पाडवी, अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागातून पुन्हा पुन्हा निवडून आलेले आमदार. हिना गावित सुमारे ९५ हजारांनी जिंकल्या. आप्पा तोवर गेले होते. माणिकरावही २०२२ च्या सप्टेंबरमध्ये गेले. आजी म्हणाली, "आते जुनं कोनी ऱ्हायनं नही."

२०२४ मध्ये काँग्रेसनं के. सी. पाडवींच्या मुलाला, तिशीतल्या ॲड. गोवाल पाडवींना उभं केलं. त्यांची ही पहिलीच निवडणूक. १० मे रोजी नंदुरबारला पंतप्रधान मोदींची सभा झाली, दुसऱ्या दिवशी प्रियांका गांधींची. गावात मात्र बोलणं वेगळ्याच गोष्टीचं होतं. धनगर समाजाला अनुसूचित जमातींत घेतलं तर आपल्या सवलतींचं काय? घटना बदलली तर राखीव जागांचं काय? ऊसतोडीहून परतलेले लोक सांगत होते की कोयता घेतलेल्याला मुकादमाची उचल फेडता फेडता पुढचा हंगाम येतो, मुलं शाळेतून गळतात, आणि इथं काम मिळालं असतं तर कोण गेलं असतं? मणिपूरच्या हिंसाचाराच्या बातम्या मोबाईलवर पाड्यापाड्यात पोचल्या होत्या. ४ जूनला निकाल आला. गोवाल पाडवी सुमारे १ लाख ५९ हजार मतांनी निवडून आले.

ओट्यावर कुणीतरी हिशेब मांडला: "बापले पोरनी पाडं, आनि पोरले त्याना पोऱ्यानी पाडं." सगळे हसले. मी हसले नाही, कारण त्यात मला गावाची खरी कमाई दिसत होती. जिथं मत हा वारसा होता, तिथं लोकांनी दहा वर्षांत दोनदा खासदार बदलला. पहिल्यांदा देशभराच्या लाटेबरोबर, दुसऱ्यांदा आपल्या स्वतःच्या धास्तीतून आणि हिशेबातून. हिना गावित यांच्या कारकिर्दीचं मोल मी यात धरते. त्या जिंकल्या म्हणून लोकांना कळलं की खासदार बदलता येतो, आणि त्या हरल्या म्हणून कळलं की नव्यालाही बदलता येतो.

पण एक गोष्ट मला खुपते आणि ती मी मोकळेपणानं लिहिते. आमचे तरुण खासदार तरुण आहेत, नवे नाहीत. हिना माजी मंत्र्यांच्या कन्या, २०२२ मध्ये बहीण सुप्रिया जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष. गोवाल माजी मंत्र्यांचे पुत्र. सुरूपसिंग नाईकांचे पुत्र शिरीष नवापूरचे आमदार. माणिकरावांच्या कन्या निर्मला इगतपुरीतून आमदार झाल्या, पुत्र भरत नवापूरमधून लढले. २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेला तर गावितांच्या एका घरातले चौघं चार मतदारसंघांत, वेगवेगळ्या झेंड्यांखाली उभे होते. विजयकुमार गावित तेवढे निवडून आले. हिना गावित भाजप सोडून अक्कलकुव्यातून अपक्ष लढल्या आणि हरल्या. के. सी. पाडवीही तिथंच थोडक्यात हरले. आमश्या पाडवी जिंकले. या घराण्यांनी आदिवासी समाजातून पहिले डॉक्टर, वकील, मंत्री दिले, शाळा-आश्रमशाळा उभ्या केल्या, हे मी नाकारत नाही. पंचवीस वर्षांच्या मुलीला लोकसभेचं तिकीट मिळायला वडील लागतात, पैसा लागतो, गाड्या लागतात, हेही मला कळतं. तरी ज्या मुलीचे आई-बाप दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातेत जातात, तिचं नाव त्या यादीत यायला किती पिढ्या थांबायचं? अंबरसिंग महाराजांमागे कोणतं घराणं होतं?

आजी आता शहाऐंशीची आहे. २०२३ मध्ये संसदेनं लोकसभेच्या एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखण्याचा कायदा केला आणि राखीव मतदारसंघांतही तो लागू होणार आहे, हे मी तिला सांगितलं. अंमल जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेनंतर, हेही सांगितलं. तिनं ते नंतरचं काही ऐकलं नाही. ओट्यावर बसलेल्या बायकांना तिनं तिथल्या तिथं कामाला लावलं: भिलाटीतल्या कोणत्या पोरींचं पंचविसावं झालं? एक नर्सिंग करून नंदुरबारच्या दवाखान्यात लागली आहे. एक आश्रमशाळेत शिकवते. एक वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिचे आई-वडील यंदाही तोडीला गेलेत. त्या वकिलीवालीचं तोंड चांगलं चालतं, असं एका काकूंनी सांगितलं. नर्सिंगवालीच्या बाजूनं दुसरी बोलली, तिला सगळे पाडे तोंडपाठ आहेत. दोघींत चांगलीच जुंपली आणि दिवेलागण झाली तरी कुणी उठेना.